धोंड्याला कधी येताय?

"पाव्हणं, धोंड्याला कधी येताय?"

मामींनी हे पहिल्यांदा विचारलं तेव्हा फोन माझ्या खांद्यात आणि कानात चेपलेला होता, उजव्या हातात सुई होती आणि डाव्या हातात एका आजोबांचं मनगट. नस सापडत नव्हती. "मामी, बघतो, कळवतो," असं मी दोनदा म्हणालो. आजोबा माझ्याकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "सासूबाई का? मग आदी त्यास्नी तारीक द्या. माजी नस कुटं पळून जाती?"

पळूनच तर जात होती.

मी मेडिसिनचा दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंट. रुग्णालय मिरज-सांगलीकडचंच. कुठलं ते विचारू नका, मला अजून थिसिस सबमिट करायचाय. लग्न गेल्या डिसेंबरात झालं. सासुरवाडी तासगाव. मामांची द्राक्षबाग आहे, बेदाण्याची शेड आहे, आणि साखर आहे. म्हणजे रक्तात. बायको शाळेत शिकवते, त्यामुळे मे महिन्यात ती माहेरी आणि मी वॉर्डात. अशा सुरळीत चाललेल्या संसारात यंदा अधिक महिना आला. तोही १७ मे ते १५ जून, ऐन उन्हाळ्यात.

अधिक महिन्याचं गणित खरं तर सावकारी आहे. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, सौरवर्ष ३६५ चं. दरवर्षी अकरा दिवसांची उधारी साठते आणि साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक जादा महिना घालून खातं बरोबर करतात. ज्या चांद्रमहिन्यात सूर्य नव्या राशीत जात नाही, तो अधिक. थोडक्यात, महिनाभर सूर्याची बदली होत नाही. म्हणून तो आमच्या डोक्यावरच बसून होता. या महिन्यात जावई म्हणजे विष्णू. त्याला बोलवायचं, पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. २०१८ सालीही अधिक ज्येष्ठच होता, पण तेव्हा मी एमबीबीएसला होतो आणि कुणी मला साधा सामोसासुद्धा दिला नाही.

विष्णूला रविवार मिळेना. पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या २०२३ च्या नियमावलीत आठवड्याला एक सुट्टी लिहिलेली आहे, 'कामाची निकड पाहून' असं जोडूनच. ही निकड नावाची बाई आमच्या वॉर्डात कायमची भरती आहे, डिस्चार्जचं नाव घेत नाही. १७ मेला आमची इमर्जन्सी. २४ मेसाठी ज्याच्याशी ड्यूटी बदलून घेतली, त्याला शनिवारी कांजिण्या निघाल्या. मेडिसिनच्या रेसिडेंटला, अठ्ठाविसाव्या वर्षी! सगळं युनिट त्याला बघून आलं आणि त्याची ड्यूटी माझ्याकडे आली.

३१ मेला मी निघालोच होतो. बॅग खांद्याला होती. तेवढ्यात कॅज्युअल्टीत एका शेतमजुराला उचलून आणलं. अंग विस्तवासारखं, घामाचा टिपूस नाही, तोंडानं असंबद्ध बडबड. ताप १०६ च्या वर. उष्माघात. या तापाला पॅरासिटामॉलचा उपयोग नसतो, अंग लवकरात लवकर गार करायचं, हाच उपचार. बॅग टाकली. कपडे काढून ओली चादर, दोन्ही बाजूंना पंखे, आणि इंटर्न समोरच्या रसवंतीवरून बर्फाची लादी खांद्यावर घेऊन आला. मान, काख, जांघ, इथे बर्फ ठेवायचा. डाव्या काखेत बर्फ सरकवायला गेलो तर तिथे आधीच काहीतरी. बघतो तर कांदा. चांगला मूठभर, सालासकट.

"काढू का हा?" मी त्याच्या भावाला विचारलं.

"ऱ्हाऊ दे की साहेब," तो हात जोडून म्हणाला. "तुमचा बर्फ तुमच्या जागी, आमचा कांदा आमच्या जागी."

मी कांदा उशाला ठेवला. रात्री आठच्या सुमाराला माणूस शुद्धीवर येऊन चहा मागू लागला. दुसऱ्या दिवशी राउंडला पाहिलं, शेजारच्या तीन खाटांवर उशाला एकेक कांदा.

हसायचा मला अधिकार नाही. आम्हा रेसिडेंटांचा धर्म याहून कडक आहे. ड्यूटीवर 'आज निवांत आहे' हे शब्द उच्चारायचे नाहीत. उच्चारले की अर्ध्या तासात तीन ॲम्ब्युलन्स येतात. याला कुठल्या पुस्तकात पुरावा नाही, पण आमच्या सरांपासून मावशींपर्यंत सगळे हा नेम पाळतात.

नेमावरून आई आठवली. आई सांगलीत गावभागात राहते. अधिकात तिचं पहाटे सरकारी घाटावर स्नान, गणपतीच्या देवळात तेहतीस प्रदक्षिणा, दिवसातून एकदाच जेवण. आणि एवढं करून तिला माझ्या पुण्याची काळजी. "एक तरी नेम कर. मौनभोजन कर. जेवताना बोलायचं नाही, झालं." मला हे सोपं वाटलं. आम्ही चार मिनिटांत उभ्यानं जेवतो, बोलायला सवड कुणाला? पहिल्याच दिवशी तिसऱ्या घासाला फोन वाजला आणि नेम मोडला. आईला विचारलं. तिनं क्षणभर विचार करून निकाल दिला: "पेशंटसाठी बोललेलं देव धरत नाही. घरच्यांशी बोललेलं धरतो." आमच्या एथिक्स कमिटीला माझ्या थिसिसवर इतका स्पष्ट निर्णय द्यायला चार महिने लागले होते.

अखेर ७ जून ठरला. मृग तोंडावर आला होता, दुपारी ढग जमायचे आणि नुसतेच उकडवून जायचे. शनिवारी आमची इमर्जन्सी, रविवारी सकाळी हँडओव्हर देऊन थेट तासगावची एसटी. शनिवारी संध्याकाळी साडेसहाला इंटर्ननं आळस दिला आणि म्हणाला, "सर, आज एकदम निवांत आहे ना?"

सिस्टरांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्यानं निर्जंतुक ट्रेमध्ये हात घातला. रात्रभरात सोळा ॲडमिशन झाल्या.

सकाळी खोलीवर जायला वेळच मिळाला नाही. शर्ट बदलला, एसटी पकडली, आणि खिडकीच्या गजावर डोकं आपटत झोपून तासगावला उतरलो. दारात रांगोळी, पाट, समया. मामी ताम्हन घेऊन उभ्या. तेव्हा मला माझे मोजे आठवले. शनिवारी सकाळी आठला घातलेले.

बायकोच्या नाकाला सगळं कळलं. एरवी ती मला 'अरे' म्हणते, आईवडिलांपुढे 'अहो' होते. "अहो, आधी मोरीवर जाऊन पाय धुऊन या ना."

"त्येनी कशाला धुवायचे?" मामी म्हणाल्या. "आज पाय आपण धुवायचे असत्यात."

उजवा मोजा निघाला. दारातली मांजर उठून परड्यात गेली. मामांना अचानक छताच्या पंख्यात काहीतरी दिसलं. डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं आणि त्यातून अंगठा आधीच बाहेर येऊन सगळ्यांना भेटत होता. मी पाय पाटाखाली ओढायला लागलो, पण मामींनी घोटा पकडला. त्या खाली बसताना त्यांच्या गुडघ्यांचा कट् असा आवाज झाला. 'मांडी घालून बसू नका' असं मीच त्यांना फेब्रुवारीत लिहून दिलं होतं. त्यांनी कोमट पाण्यानं बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा पाय धुतले, पदरानं पुसले, कुंकू लावलं. चेहऱ्यावर रेषही हलली नाही. आमच्या सिस्टर एवढ्या वासाला दोन मास्क लावतात.

मग ताट. कणकेत पुरण भरून उकडलेले धोंडे, त्यांवर तुपाची धार, कटाची आमटी, कुरडया, आणि एका बाजूला अनारसे. छान जाळी पडलेले, एकही न हसलेला. एक धोंडा साधारण टेनिसच्या चेंडूएवढा. नाव ज्यानं ठेवलं त्यानं दोन खाऊन मगच ठेवलं असणार. शेजारी मामांचं ताट. "पाव्हण्यास्नी सोबत पायजे," म्हणून त्यांनीही दोन वाढून घेतले. त्यांची तीन महिन्यांची साखर माझ्या फोनमध्ये होती. पण मी आता घरच्यांत होतो, आणि जेवत होतो. आईचा निकाल आठवला. मी तोंड मिटलं.

"मीठ बरूबर हाय का, पाव्हणं?" मी मान हलवली.

"तूप आजून?" मान हलवली.

"परवास बरा झाला का?" मान.

बायको आत अनारसे मोजत होती. माझा नेम तिला माहीत होता, बाकी कुणालाच नव्हता. मामींनी मामांकडे पाहिलं. पहिल्याच धोंड्याला जावई शब्द बोलत नाही, याचा अर्थ तासगावात एकच होतो. मामा उठले, हात धुतले, आत गेले आणि कपाटाचा आवाज झाला. येऊन त्यांनी माझ्या ताटाशेजारी हळूच एक लाल डबी ठेवली. मी घाबरून दोन्ही हात जोडले. मामांचा चेहरा आणखी उतरला. त्यांना वाटलं, मला डबी लहान वाटली.

तेवढ्यात फोन वाजला. वॉर्डातला ज्युनिअर. जुलाब-उलट्यांनी कोरडा पडलेला पेशंट, बीपी हाताला लागत नाही. देव हे धरत नाही. मी बोललो.

"दोन गेले ना? मग अजून दोन द्या."

मामींचा चेहरा उजळला. ताटात दोन धोंडे पडले.

"हळू नाही, भराभर जाऊ दे."

तूप.

"पोट मऊ आहे ना? मग द्या. तो नको म्हणेल, ऐकायचं नाही."

मी हातानं ताट झाकलं होतं. मामींनी हात बाजूला करून तिसरा ठेवला.

"आणि लघवी किती होते ते दर तासाला बघा. वेळ टाकून लिहून ठेवा."

सगळं घर थांबलं. मामी वाढणी तशीच धरून उभ्या. मामांनी खाकरून, अगदी आदरानं विचारलं, "पाव्हणं, ते बी आमीच लिवायचं का?"

आतून बायको हसत हसत भिंत धरून बाहेर आली. तिनं नेम सांगितला, वॉर्ड सांगितला, सलाईनच्या बाटल्या सांगितल्या. मामी हसून हसून खाली बसल्या, परत कट् असा आवाज झाला. मामाही पोटभर हसले. मग डोळे पुसत त्यांनी ती लाल डबी उचलली आणि आत कपाटात ठेवून आले.

संध्याकाळच्या एसटीत मांडीवर तेहतीस अनारशांचा डबा होता. सोडायला आलेली बायको खिडकीशी उभी होती. गाडी सुरू होता होता तिनं आजूबाजूला पाहिलं, 'अहो' सोडलं आणि म्हणाली, "अरे, पुढचा अधिक २०२९ च्या मार्चमध्ये आहे. तेव्हा फोन घरी ठेवून ये."