"एका पंक्चरचे 700 घेतले, लुटलं" या रिव्ह्यूवर दुकानाकडून उत्तर

नमस्कार दादा. त्या रात्री फॅमिलीसोबत तुमाले रस्त्यावर ताटकळत बसावं लागलं, त्याबद्दल सॉरी. एक स्टार दिला, तुमची मर्जी. पण "अर्धा तास नुसता नट खोलत बसला आणि एका पंक्चरचे 700 घेऊन लुटलं" हे जे लिहिलं ना, ते लय लागलं. कळंबातले लोकं पण वाचतात हो हे.

पंक्चर तर काढलंच नव्हतं आपण, चाक काढून स्टेपनी चढवून दिली. दुकानावर गाडी आली तर ट्यूबलेसचे 150च घेतो, कोणालेही विचारा. तुम्ही होते राळेगाव रोडवर, रात्रीचे साडेदहा, कापसाचा सीझन, एकाच्या ट्रॉलीचं चाक खोललेलं तसंच टाकून मालवाहू ऑटोत जॅक, कंप्रेसर भरून आलो. 700 होतील हे निघायच्या आधी फोनवर सांगितलं, तुम्ही म्हणाले या लवकर.

आता तो अर्धा तास. तुमच्या गाडीले अलॉय व्हील, प्रत्येक चाकाले एक लॉक नट. त्याची वेगळी चावी लागते, साधा पाना त्यावर बसतच नाही. फोनवर विचारलं तर म्हणाले सगळं आहे गाडीत. आल्यावर डिक्की उपसली, मॅट उचलली, सीटखाली टॉर्च मारला. शेवटी वहिनींनी समोरच्या कप्प्यातून काढून दिली, सर्व्हिस बुकाच्या प्लास्टिक पिशवीत. बाकीचे नट मी जॅक लावायच्या आधीच चाक जमिनीवर असतानाच ढिले करून ठेवले होते. अवकाळीनं साईडची काळी माती भुसभुशीत झालेली, तुमचा जॅक त्यात रुतून तिरपा झालेला, तसंच चाक काढलं असतं तर गाडी खाली बसली असती. म्हणून माझी फळी टाकून परत उचलली, आणि हे तुम्ही लिहिलंच नाही.

स्टेपनी काढली तर तिच्यात 10 च्या वर हवा नाही. 33 करून दिली, त्याचे पैसे धरले का? आणि पंक्चर गाडी तुम्ही तशीच दामटत आणली, टायर साईडनं चिरलं. तिथं स्ट्रिप, म्हणजे पंक्चरची रबरी पट्टी, मारून पैसे उकळणारे पण भेटतात राजेहो, मी नाही म्हणालो.

दुकानाचं भाडं आहे, कंप्रेसरचा हप्ता आहे, असं एक वाक्य आलं की नवीन गिऱ्हाईक फोनच करत नाही. रात्रीच्या रेटचा बोर्ड लावतो आता, बाकी पण बघतो काय करता येते ते. "लुटलं" तेवढं काढता आलं तर काढा, स्टार राहू द्या. आणि ते टायर अजून डिक्कीतच असेल तर कोणी कितीही म्हणो, रिपेअर करून चढवू नका, साईडनं गेलेलं आहे, बदलूनच टाका.