वाळवीचा रिपोर्ट आणि विसाराचे पैसे

आमच्या फॅमिली ग्रुपवर परत तोच विषय पेटलाय. भाचा पुण्यात रिसेल फ्लॅट बघतोय, त्याला ऑफिसात कोणीतरी सांगितलं की ऑस्ट्रेलियात म्हणे घर घ्यायच्या आधी एक माणूस येऊन भिंती ठोकून बघतो, वाळवी शोधतो, फोटोंसकट जाडजूड रिपोर्ट देतो, मग आपल्याकडे असा कायदा का नाही. झालं, लगेच दोन पार्ट्या. एक म्हणते कायदा आणाच, दुसरी म्हणते कशाला, आपल्याकडे रिपोर्टपण मॅनेज होतील. मी ब्रिस्बेनला असतो आणि इथे घर घेऊन बसलोय म्हणून दोन्हीकडून मला टॅग करतायत.

तर आधी एक गैरसमज काढून टाकू. क्वीन्सलँडमधे, म्हणजे ब्रिस्बेन ज्या राज्यात आहे तिथे, हे इन्स्पेक्शन सक्तीचं नाहीये. घेणाऱ्याने स्वतःच्या खिशातून करून घ्यायचं, बिल्डिंग आणि पेस्ट (म्हणजे वाळवी वगैरे कीड) मिळून साधारण पाचशे ते सातशे डॉलर जातात. १ ऑगस्ट २०२५ पासून विकणाऱ्याने बरीच माहिती आधीच लेखी द्यायची असा नियम आलाय खरा, पण घर धड आहे का, वाळवी लागलीय का, हे त्यात येत नाही, ते तुमचं तुम्ही बघायचं. कॅनबेराला उलटं आहे, तिथे रिपोर्ट विकणारा काढून ठेवतो आणि व्यवहार झाला की त्याचे पैसे घेणाऱ्याने द्यायचे. (विकणाऱ्याने निवडलेल्या माणसाच्या रिपोर्टवर मी किती विश्वास ठेवला असता हा वेगळा प्रश्न.)

आमच्या वेळी जो इन्स्पेक्टर आला होता त्याच्या मागे मागे मी घरभर फिरलो. गडी आधी बाहेरूनच घराला प्रदक्षिणा घालत होता आणि नजर सगळी जमिनीलगत, कारण घराखालच्या काँक्रीटच्या स्लॅबची कड निदान ७५ मिलिमीटर उघडी दिसली पाहिजे, तिथून वाळवी चढायला लागली तर मातीच्या नळ्या दिसतात. लोक हौसेने तिथेच माती चढवून फुलझाडं लावतात आणि मग बघायला काही उरत नाही. एसीच्या पाइपाचं पाणी भिंतीच्या बुडाशी ठिबकत होतं, तेही त्याने लिहून घेतलं, ओल असली की वाळवीला आमंत्रणच. आत आल्यावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने खालच्या लाकडी पट्ट्या टकटक करत गेला, आणि लाँड्रीच्या दाराजवळ आवाज पोकळ आला. वरून रंग एकदम गुळगुळीत. इथली वाळवी लाकूड आतून खाते आणि रंगाचा पापुद्रा तेवढा ठेवते. मग ओल मोजायचं यंत्र, मग शिडी लावून छतात. त्याच्याकडूनच कळलं की वाळवीचं नुकसान घराच्या इन्शुरन्समधे सहसा येत नाही, म्हणजे गेलं ते गेलं.

आता हा रिपोर्ट म्हणजे ब्रह्मवाक्य आहे असं कोणी समजू नका. इन्स्पेक्शन फक्त डोळ्यांनी दिसेल तेवढंच, भिंत फोडायची नाही, कार्पेट उचलायचं नाही, आणि अर्धी पानं "इथे सामान होतं म्हणून बघता आलं नाही" छापाची. क्वीन्सलँडमधे निदान इन्स्पेक्टरला लायसन्स लागतं, सगळ्या राज्यांत तेही नाही. आणि परदेशातले बिल्डर लई प्रामाणिक वगैरे म्हणणाऱ्यांनी सिडनीचा ओपल टॉवर आठवावा, नवाकोरा टॉवर, २०१८ च्या ख्रिसमसच्या आदल्या दिवशी तडे गेले म्हणून रिकामा करावा लागला.

मग फायदा कशाचा होतो? माझ्या मते रिपोर्टचा नाही, करारातल्या एका अटीचा. इथल्या नेहमीच्या छापील करारात बिल्डिंग आणि पेस्टची अट असते, ठरलेल्या तारखेपर्यंत तपासणी करायची, आणि समाधान झालं नाही तर करार रद्द, डिपॉझिट परत. उगाच खुसपट काढून पळता येत नाही, कारण रास्त पाहिजे, पण वाळवी हे रास्तच कारण आहे. त्या अटीच्या जोरावर लोक किंमत खाली आणतात, दुरुस्ती करून घेतात, आम्हीही लाँड्रीपायी थोडी कमी करून घेतलीच. आणि हीच अट नसली तर काय होतं ते लिलावात बघा. लिलावात घर घेतलं की अट नाही, एरवी विचार बदलायला मिळतात ते पाच दिवसही नाहीत, मग तपासणी आधीच करून घ्यायची, बोली हरलात तर ते पैसे पाण्यात. म्हणून कितीतरी जण न करताच बोली लावतात. माणूस तोच, वाळवी तीच, फक्त मागे फिरायची वाट बंद.

आपल्याकडे आपण कागद किती तपासतो! सर्च रिपोर्ट, इंडेक्स टू, ओसी, सोसायटीची एनओसी, वकील तीस वर्षं मागे जाऊन बघतो. भिंत कोण बघतं? एप्रिल-मेमधे जायचं, ताजा पांढरा रंग बघायचा, पीओपीच्या छताचं कौतुक करायचं आणि टोकन देऊन मोकळं व्हायचं. जुलैत वरच्या बाथरूमचं पाणी बेडरूममधे उतरलं की कळतं त्या पीओपीमागे काय होतं. रेरा कायद्यात पाच वर्षं बिल्डरवर जबाबदारी आहे, दोष कळवला की तीस दिवसांत फुकट दुरुस्त करायचा, चांगलंच आहे, पण अठरा वर्षं जुन्या बिल्डिंगमधल्या फ्लॅटला त्याचा काय उपयोग.

आणि रिपोर्ट आपल्याकडे नाहीतच असंही नाही हो. सोसायटीच्या आदर्श उपविधीत लिहिलंय, बिल्डिंग १५ ते ३० वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, ३० च्या पुढे दर तीन वर्षांनी. तो रिपोर्ट असलाच तर सेक्रेटरीच्या कपाटात असतो. सळया कुठे उघड्या पडल्यात, कुठला कॉलम भरायचाय, दुरुस्तीला सभासदांनी किती काढायचे, सगळं त्यात, आणि घेणाऱ्याला हे एनओसी हातात पडल्यावर, कधीकधी शेअर सर्टिफिकेटवर नाव चढल्यावर कळतं. बरं, नवीन बिल्डिंग म्हणजे सेफ असंही नाही, महाडची २०२० मधे कोसळली ती दहा वर्षांचीसुद्धा नव्हती, १६ माणसं गेली.

म्हणून कायदा आणाच म्हणणाऱ्यांना माझं म्हणणं, नवीन इन्स्पेक्शनची सक्ती मागू नका, एजंटच एक इंजिनियर पकडून देईल आणि अडीच हजारात सही मिळेल. मागायचं तर हे मागा की टोकन घ्यायच्या आधी सोसायटीचा शेवटचा ऑडिट रिपोर्ट घेणाऱ्याला दाखवायचा. आणि कायदा येईपर्यंत थांबायचीही गरज नाही, भाच्याला मी एवढंच सांगितलंय की विसार पावतीत एक ओळ घाल, पंधरा दिवसांत माझा इंजिनियर बघेल, गळती किंवा स्ट्रक्चरचा मोठा दोष निघाला तर विसार पूर्ण परत. वकील म्हणाला लिहिता येतं, दोघं तयार असतील तर अडचण काहीच नाही. एजंट म्हणतोय पुण्यात असं कोणी लिहून देत नाही, आणि फ्लॅट घ्यायला दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. मालकाने अजून काही कळवलेलं नाही.