एका स्टारला उत्तर: काडेपेटीचा वास खरा, भेसळ मात्र नाही

नमस्कार,

गेल्या शनिवारी तुम्ही चौघं अमेरिकेत केंटकीतल्या आमच्या लुईव्हिलच्या टेस्टिंग रूममध्ये येऊन गेलात आणि रविवारी एक स्टार दिलात. रिव्ह्यू मराठीत आहे, म्हणून उत्तरही मराठीतच देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बर्बनच्या, म्हणजे मक्याच्या अमेरिकन व्हिस्कीच्या, नावाखाली वाइन मिसळलेली, लाल रंग घातलेली दारू दिली, पहिला ग्लास खोकल्याच्या औषधासारखा लागला, दुसरा नुसतं लाकूड, न विचारता ग्लासात पाणी घातलं, आणि चौथ्याला जळलेल्या काडेपेटीचा वास येतोय म्हटल्यावर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सर, तुम्हाला सवय नाही."

शेवटच्या तक्रारीपासून सुरू करतो, कारण तिथे तुमचंच बरोबर होतं.

सोमवारी आमची सुट्टी. दुकानात बसून त्या चौथ्या बाटलीतली, म्हणजे तयार झाल्यावर वाइनच्या रिकाम्या बॅरलमध्ये ठेवलेली बर्बन थोडी एका ग्लासात ओतली. तीच बर्बन, पण वाइनच्या बॅरलमध्ये न गेलेली, दुसऱ्या ग्लासात. तिसऱ्यात पहिलीच परत. वीस मिनिटं झाकून ठेवले आणि कोणता कुठला हे न सांगता बायकोपुढे सरकवले. शेजारच्या घरात दूध लागलं तरी हिला आधी कळतं. पहिला हुंगून म्हणाली, "दिवाळीतल्या टिकल्या." दुसऱ्यावर काहीच बोलली नाही. तिसऱ्यावर पुन्हा, "ह्यात पण टिकल्या फोडल्यात."

तो गंधक. वाइन काढून घेतल्यावर ओलं बॅरल तसंच ठेवलं तर आत बुरशी धरते, आंबूस होतं. म्हणून वाइनवाले आत गंधक जाळून बूच मारतात. पुढे ते बॅरल नीट धुऊन, हवा देऊन न घेता व्हिस्कीनं भरलं, की तो वास थेट ग्लासापर्यंत येतो. साध्या बर्बनमध्ये हे सहसा आढळत नाही; तिचं बॅरल कोरं असतं आणि आतून कोळसा होईपर्यंत जाळलेलं असतं. लाज वाटायची गोष्ट म्हणजे मी नाशिककडचा. आमच्या द्राक्षबागेत भुरीवर गंधक मारायचे, शाळेचा शर्टसुद्धा त्याच वासाचा. तरी बाटली उघडताना माझ्या लक्षात आलं नाही. हा वास काहींना लगेच येतो, काहींना अजिबात येत नाही. काउंटरवरच्या मुलाला येत नसावा. पण आपल्याला आला नाही म्हणजे पाहुण्याला सवय नाही, हे कुठलं गणित? त्याला तसं सांगितलं आहे.

पहिल्या दोन ग्लासांतही चूक आमचीच, पण वेगळी. पहिली होती एंजल्स एन्व्ही. ती रूबी पोर्ट या गोड लाल वाइनच्या बॅरलमध्ये साधारण तीन ते सहा महिने राहते, म्हणून गोडसर, चेरीच्या अंगाची. इथल्या लोकांना चेरी म्हटलं की आजीनं भाजलेली चेरी पाई आठवते. आपल्याला खोकल्याचं औषध, कारण आपण चेरी पहिल्यांदा चाखली तीच त्या बाटलीतून! त्यात तुमची काही चूक नाही. पण गोड आधी दिल्यावर मागून आलेली साधी बर्बन कोरडी, लाकडासारखी लागणारच. श्रीखंडावर चहा प्यायल्यासारखं. साधी आधी द्यायची, मग पोर्टची, मग कॅबर्ने या तुरट लाल वाइनच्या बॅरलमधली. तुमच्या तिसऱ्या ग्लासात कॅलिफोर्नियातल्या नापाच्या ग्रोथ वाइनरीच्या बॅरलमधली जेफरसन्स होती. तिच्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. मला तिच्यात जांभळाची बी चावल्यासारखी तुरटी लागते आणि ती आवडते.

आता भेसळ. हे मात्र मान्य नाही. बर्बनला किमान 51 टक्के मका लागतो, आतून जाळलेलं नवं ओक बॅरल लागतं, आणि पाण्याशिवाय काही घालता येत नाही, रंगसुद्धा नाही. अशी तयार झालेली बर्बन नंतर वाइनच्या बॅरलमध्ये ठेवली, तर लेबलवर तसं लिहावं लागतं. चारपैकी तीन बाटल्यांवर ते आहे, फोटो खाली जोडले आहेत. लालसर झाक त्या लाकडाची. एक कबूल करतो: रिकाम्या म्हटलेल्या बॅरलच्या फळ्यांत काही लिटर वाइन मुरलेली असते आणि ती व्हिस्कीत उतरते. म्हणजे वाइन आत आहे, पण कुणी ओतलेली नाही. केंटकीतले कट्टर लोकही यावर नाक मुरडतात. आणि एंजल्स एन्व्ही काढली कुणी? लिंकन हेंडरसन यांनी, ज्यांचा आधीचा जन्म वुडफर्ड रिझर्व्हसारख्या सरळ बर्बन घडवण्यात गेला. त्यांना नवशिके म्हणायची माझी हिंमत नाही.

पाण्याचं म्हणाल, तर चौथी 58 टक्के अल्कोहोलची होती. तेवढ्या जोरावर नाक बधिर होतं, दोन-चार थेंबांनी वास मोकळा होतो, हे खरं. पण थेंब घालायचे ते पाहुण्यानं, आपल्या हातानं. आता प्रत्येक ट्रेवर ड्रॉपर असतो, आमच्या माणसांनी त्याला हात लावायचा नाही.

चौथ्या ग्लासचे पैसे चौघांच्याही कार्डांवर परत केले आहेत, दोन-चार दिवसांत दिसतील. पहिल्या तीन ग्लासांचे करत नाही. ती चौथी बाटली विक्रीतून काढली आहे, पण फेकलेली नाही. नव्या मुलांना गंधक ओळखायला शिकवायचंय, तेवढी पुरेल.