आहेर : कागद, एक

भाची बी.कॉम. झाली. ताईने सत्यनारायण घातला आणि फोनवर बजावलं, "काही आणू नका हं." याचा अर्थ काय, ते मराठी माणसाला सांगायला नको.

पाकिटात ५०१ घालून मोकळं व्हायचं, ही आमच्या घरची रीत. पण या खेपेला मामा म्हणून काहीतरी वेगळं द्यावं अशी मला हुक्की आली. मी ठाण्याचा. आमच्या गावात १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय निघालं, याचा मला इतका अभिमान, की जणू पहिल्या सभेला सतरंज्या मीच घातल्या होत्या. तेव्हा द्यायची तर पुस्तकंच. पण मुक्ता नोकरीला निघालेली बंगळुरूला, तिघींत मिळून एक खोली. पुस्तकं ठेवणार कुठे? डोक्यावर? म्हणून ठरलं, ऑनलाइन वाचनालयाची वर्षभराची वर्गणी.

वजन नाही, वाळवी नाही, आणि मुख्य म्हणजे आधीच्या वाचकांचा उपद्रव नाही. लहानपणी आमच्या गल्लीतल्या वाचनालयात कुणी एक महाभाग रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवायचा. मे महिन्याच्या किती सुट्ट्या त्याने नासवल्या, हिशेब नाही. आजही कुठल्या लग्नात तो माझ्या पंगतीला बसत असेल, या विचाराने जिलबी कडू लागते.

वर्गणी १४९९ रुपये. शेवटच्या पायरीवर १८ टक्के जीएसटी दबा धरून बसला होता, त्याने आकडा १७६८ रुपये ८२ पैशांवर नेला. छापील पुस्तकाला जीएसटी शून्य. पण मला पैशापेक्षा ते ८२ पैसे बोचले. आहेराचा आकडा एकावर संपावा, ही पिढ्यान्‌पिढ्यांची शिस्त, आणि इथे मी ब्याऐंशी पैशांवर!

'भेट द्या' असं एक बटण होतं. दाबलं की 'ही सुविधा लवकरच' असं उमटायचं. मग खातं मुक्ताच्या नावाने, पण मोबाइल आणि ईमेल माझा, अशी तडजोड केली. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला, संगणक बाहेरच्या खोलीत. ओटीपी आला की बायको आतून ओरडणार, "चार, सात, नऊ..." आणि नेमकी कुकरची शिट्टी. तिसऱ्या वेळी तिने गॅस बंद केला. त्या दिवशी वर्गणी भरली गेली आणि वरण कच्चं राहिलं.

"पण हातात काय देणार?" बायकोने विचारलं.

याचा मी विचारच केला नव्हता. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन पावती छापून आणली. "रंगीत काढू?" तो म्हणाला. काढ म्हटलं, मंगल कार्य आहे. कागदाची चार घड्यांची पुरचुंडी रुपया चिकटवलेल्या पाकिटात कोंबली.

ताईकडे आहेराची वही तिच्या सासूबाई, म्हणजे माई, सांभाळतात. लाल कापडी बांधणी, एकोणीसशे कितीतरीपासूनची. त्यांनी चष्मा नाकावर आणला, पाकीट उघडलं, पावती आधी सुलटी आणि मग उलटी पाहिली.

"हे काय हो?"

"माई, वाचनालय आहे ते. हजारो पुस्तकं आहेत त्यात."

माईंनी पाकिटात पुन्हा डोकावून पाहिलं. मग शांतपणे लिहिलं, 'ठाण्याचा मामा : कागद, एक. रोख रुपया, एक.' वरच्याच ओळीत आत्याचा मिक्सर होता, तीन भांड्यांसकट.

भाऊजी तेवढ्यात तीर्थ देता देता म्हणाले, "अरे, आयआयटी खरगपूरचं ते राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे ना? ते फुकट असतं. मराठी विश्वकोशसुद्धा." मी प्रसाद तोंडात कोंबला. शिऱ्याला तूप सढळ होतं, म्हणून गिळला गेला.

खरी फजिती मात्र पुढे. ईमेल माझा, त्यामुळे दर रविवारी सकाळी मला निरोप येऊ लागला : 'मुक्ता, या आठवड्यात तुम्ही ४ मिनिटं वाचलंत. छान!' छापील पुस्तक दिलं की ते उघडलं का, हे देणाऱ्याला कळत नाही. म्हणून तर इतक्या पुस्तकांच्या भेटी आणि इतकी नाती टिकून आहेत. इथे दर आठवड्याला पंचनामा. पुढचा रविवार : ० मिनिटं. 'आम्हाला तुमची आठवण येते.' मलाही येत होती, १७६८ रुपये ८२ पैशांची.

शेवटी मनाशी म्हटलं, खातं ओसाड दिसायला नको, मिनिटं आपणच भरू. एक रहस्यकथा उघडली. हवेलीत खून, सहा संशयित. रात्री दीड कधी वाजला कळलं नाही. पान ११२ वर थांबलो. दुसऱ्या दिवशी उघडतो तर पडद्यावर प्रश्न : 'दुसऱ्या उपकरणावर तुम्ही पान २४० पर्यंत वाचलं आहे. तिथे जायचं?'

मी? मी कधी वाचलं? की झोपेत वाचलं? बायकोला विचारलं. ती म्हणाली, झोपेत तुम्ही फक्त घोरता.

'नको' दाबलं आणि ११२ वरून पुढे निघालो. त्या रात्री मी १५०, तर सकाळी खूण २८१ वर. माझ्या ११२ च्या खुणेला धरून कुणीतरी माझ्या पुढे पळत होतं. तिसऱ्या रात्री १९० व्या पानावर, हवेलीतले दिवे नुकतेच गेले होते, आणि फोन वाजला. बंगळुरू.

"मामा, माझ्या खात्यात रात्री-अपरात्री वाचतोयस तो तूच ना? रोज माझी खूण मागे जाते रे! संपव ना एकदा."

"अगं, पण तू वाचतेस?"

"बसमध्ये. दीड तास लागतो ऑफिसला. तू उघडून ठेवलं होतंस, म्हटलं बघू. आज संपलंच. आता झोप, एक वाजलाय. आणि ऐक, खून माळ्याने केलाय."