आजोबांची वही आणि पिवळे कार्ड

आमच्या घरात तीन पिढ्या वैद्यकी चालली. मी औषधनिर्माणशास्त्र शिकून इंग्लंडमधील एका रुग्णालयात काम करतो, आणि वडिलोपार्जित दवाखाना माझा चुलत भाऊ सांभाळतो. नोव्हेंबर २०२० मध्ये आयुर्वेदाच्या पदव्युत्तर वैद्यांना ५८ शस्त्रक्रियांची मुभा देणारी अधिसूचना निघाली आणि ११ डिसेंबरला अ‍ॅलोपॅथी डॉक्टरांच्या इंडियन मेडिकल असोसिएशनने तिच्या निषेधार्थ देशभर काम बंद ठेवले, तेव्हापासून आमचे फोनवरील बोलणे बहुतेक वेळा याच वादापाशी येते. शल्यतंत्र, म्हणजे शस्त्रक्रियेचे शास्त्र, सुश्रुताचे, म्हणून अधिकारही आपलाच, असे तो म्हणतो. मला सलते ते निराळेच : दोन्ही बाजू अधिकाराविषयी इतके बोलतात, पण औषध दिल्यावर रुग्णाचे काय झाले हे कोणी लिहून ठेवायचे, याची चर्चा फारशी होत नाही.

आजोबा लिहीत असत. त्यांच्या वहीत अनुपान (औषध कशासोबत घ्यायचे ते) आणि पथ्य यांच्या शेजारी 'उपशय नाही' (म्हणजे आराम नाही), 'अंगावर पित्त उठले, काढा बंद' अशा नोंदीही तितक्याच ठळक अक्षरांत आहेत. गरोदरपणी घेतल्याने बाळांत जन्मजात व्यंगे आणणाऱ्या थॅलिडोमाइड या औषधाच्या अनर्थानंतर १९६४ मध्ये ब्रिटनने सुरू केलेल्या 'यलो कार्ड' योजनेत मी दुष्परिणाम कळवतो (त्यात वनौषधींचेही कळवता येतात), तेव्हा मला ती वहीच पुढे चालवल्यासारखे वाटते.

२०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हा वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. आक्षेप रास्त होता, कारण गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेली आहेत आणि हे वैद्याइतके कोणाला ठाऊक असणार? पण म्हणूनच रुग्णांनी घेतलेले नमुने तपासण्याचा आग्रह सर्वांत आधी वैद्यांनी धरायला हवा होता. तपासणीने आयुर्वेदाचे नुकसानच होते, असेही नाही. भगंदरावरील (गुदद्वाराजवळच्या नाळीसारख्या जखमेवरील) क्षारसूत्राची, म्हणजे औषध लावलेल्या दोऱ्याच्या आयुर्वेदिक उपचाराची, शस्त्रक्रियेशी तुलना करणारी, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची १९९१ मधील चाचणी पाहावी : जखम भरायला क्षारसूत्राने अधिक आठवडे लागले, पण रोग उलटण्याचे प्रमाण ४ टक्के राहिले, तर शस्त्रक्रियेनंतर ते ११ टक्के होते.

भारतातही आयुर्वेदिक औषधांचे दुष्परिणाम कळवण्याची सरकारी व्यवस्था आता आहे. भावाने तिचा अर्ज एकदाही भरलेला नाही. "आपणच लिहून दिले तर उद्या तेच आपल्याविरुद्ध वापरतील," ही त्याची भीती मी खोटी म्हणत नाही. आजवरच्या वादांनीच ती त्याच्या मनात घातली आहे. तरीही पुढच्या भेटीत आजोबांची वही आणि तो अर्ज शेजारी शेजारी ठेवून त्याच्यासोबत बसायचे मी ठरवले आहे.