डिलीट होत नाही म्हणून तो व्हायरस नव्हे

शनिवारी सकाळी पावणेसातला आत्याचा फोन. एवढ्या सकाळी फोन वाजला की कुणीतरी गेलं, असं आमच्या घरचं गणित आहे. पण आवाज चांगलाच उत्साही होता. "अगं, चोर सापडला! टास्क मॅनेजरमध्ये अगदी वरच बसलाय. पण काही केल्या डिलीट होत नाही मेला. किती चिवट व्हायरस असेल बघ."

टास्क मॅनेजर म्हणजे संगणकात त्या क्षणी काय काय चालू आहे ते दाखवणारी यादी. चोराचं नाव विचारलं. तिने चष्मा लावून एकेक शब्द वाचून दाखवला: अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल.

आत्या सांगलीला असते. शाळेतून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. सोसायटीचे हिशेब, पेन्शनचे कागद, नातवाचे फोटो, सगळं एकाच जुन्या लॅपटॉपवर. ती भोळी नाही. वाण्याच्या बिलाची बेरीज ती अजून तोंडी तपासते. पण निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात एका सरांनी संदेश टाकला, खाली "आयटी तज्ज्ञांकडून, सर्वांना कळवा" असं लिहिलेलं, मग काय! तोच संदेश मलाही तीन गटांतून आला होता आणि मी तो न वाचता सोडून दिला होता. आता वाचणं भाग पडलं.

मजकूर थोडक्यात असा. विंडोजमधला डिफेंडर हा अँटीव्हायरस नुसता दिखावा आहे, उलट तो पाळत ठेवतो आणि मेमरी खातो. टास्क मॅनेजरमध्ये त्याला शोधून ती फाइल उडवा. मग दिलेल्या लिंकवरून 'लाइफटाइम की'सकट महागडा अँटीव्हायरस फुकट घ्या. जमल्यास दोन ठेवा. विंडोजचे अपडेट बंद करा, त्यांनीच संगणक मंद होतो. व्हायरस या अँटीव्हायरस कंपन्याच बनवतात. आणि रोज संगणक सुरू केल्यावर दहा वेळा रिफ्रेश मारा, म्हणजे रात्रीतून शिरलेले व्हायरस निघून जातात.

रिफ्रेशचं आधी उरकून टाकते. रिफ्रेशने पडद्यावरची चित्रं पुन्हा मांडली जातात, बाकी काही होत नाही. दहा वेळा मारा नाहीतर एकशे आठ वेळा.

आता तो चोर. अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल म्हणजे खुद्द डिफेंडर. तुम्ही उघडता ती प्रत्येक फाइल आधी बघणारा, विंडोजसोबत फुकट आलेला अँटीव्हायरस. आत्या सकाळी सहापासून ज्याला हाकलायला बसली होती, तो तिचा पहारेकरी होता. आणि तो डिलीट होत नव्हता याचं कारण विंडोज त्याच्या फाइलींना हात लावू देत नाही; त्याच्या सेटिंग्जही कुणी परस्पर बदलू नयेत म्हणून टॅम्पर प्रोटेक्शन नावाची सोय आहे. खरा व्हायरस आत शिरला की बरेचदा पहिलं काम पहारेकऱ्याला झोपवण्याचं करतो, म्हणून डिफेंडर असा सहजासहजी बंद होऊ देत नाहीत. कुणीही येऊन "तू घरी जा" म्हणावं आणि त्याने चपला घालाव्यात, तर तो कसला पहारेकरी? आत्याला जो चिवटपणा व्हायरसचा वाटला, त्यानेच तिला त्या सकाळी वाचवलं.

ही युक्ती नवीनही नाही. २००२ मध्ये जगभर एक ईमेल फिरला होता: तुमच्या संगणकात टेडी बेअरचं चित्र असलेली एक फाइल आहे, ती व्हायरस आहे, लगेच उडवा आणि ओळखीच्या सगळ्यांना कळवा. लोकांनी शोधली, जवळजवळ प्रत्येकाला सापडली. सापडणारच, कारण ती विंडोजचीच होती. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेसंबंधीच्या कामासाठी दिलेली, आणि तिचं चित्र खरोखर अस्वलाचं होतं. त्या भामट्याला व्हायरस लिहायचे कष्टही पडले नाहीत. तेव्हा गेलेली फाइल फारशी कुणाला लागत नव्हती. या वेळचा संदेश मात्र थेट अँटीव्हायरसच उडवायला सांगतो.

यात अर्धं सत्य आहे, तेही सांगायला हवं. पहारेकऱ्याचा गणवेश चोरालाही घालता येतो. जुलै २०२१ मध्ये कॅसेया या कंपनीच्या सॉफ्टवेअरमार्फत रेव्हिल टोळीने जो खंडणीचा (फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा) हल्ला केला, त्यात डिफेंडरचीच एक जुनी, अस्सल फाइल सोबत आणून तिच्या आडून आपला माल चालवला होता. म्हणून शंका आली तर नावावर जाऊ नका, पत्ता बघा. टास्क मॅनेजरमध्ये त्या नावावर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' म्हणा. फाइल प्रोग्रॅमडेटा किंवा प्रोग्रॅम फाइल्समधल्या विंडोज डिफेंडरच्या फोल्डरात असेल तर ती आपली. डाउनलोड्समध्ये किंवा टेम्पमध्ये असेल तर मात्र दाल में काला. आत्याची फाइल जिथे असायला हवी तिथेच होती.

मेमरी खातो हेही थोडं खरं आहे. आत्याच्या लॅपटॉपला चार जीबी रॅम आणि जुनी फिरणारी हार्ड डिस्क. त्यावर पूर्ण स्कॅन सुरू झालं की पंखा गिरणीसारखा वाजतो आणि हिशेबाची फाइल उघडेपर्यंत चहा होतो. पण इलाज पहारेकरी काढणं हा नाही. पूर्ण स्कॅन रात्री जेवणाच्या वेळी लावावं, आणि पैसे खर्च करायचेच असतील तर हार्ड डिस्क काढून न फिरणारी, वेगवान एसएसडी बसवावी.

राहिला 'नुसता दिखावा'. ही बदनामी आली कुठून हे मला ठाऊक आहे, आणि ती एके काळी रास्त होती. जर्मनीतल्या माग्डेबुर्ग शहरात एव्ही-टेस्ट नावाची संस्था अँटीव्हायरस तपासून गुण देते: संरक्षणाला सहा, वेगाला सहा, वापरायला किती त्रास होतो याला सहा. याच संस्थेने २०१२ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टच्या त्या वेळच्या अँटीव्हायरसला, सिक्युरिटी इसेन्शियल्सला, प्रमाणपत्र नाकारलं होतं. आणि याच संस्थेने जून २०१९ च्या निकालात डिफेंडरला अठरापैकी अठरा दिले. परीक्षक तोच, विद्यार्थी सुधारला. संदेश लिहिणाऱ्याकडे निकालपत्रक जुनं आहे, इतकंच. उघड आहे ते पत्रक. विकतचा अँटीव्हायरस घेण्याआधीही तेच बघावं, दुकानदाराचं तोंड बघू नये.

आता त्या लिंककडे येते. माझा खरा राग इथे आहे. बाकीचं अज्ञान म्हणून सोडून देता येईल, हे नाही.

क्रम नीट बघा. आधी सांगायचं, डिफेंडर काढा. मग म्हणायचं, ही झिप फाइल घ्या, पासवर्ड १२३४. अँटीव्हायरसच्या झिपला पासवर्ड कशाला? कुलूप लावलेल्या पेटीत तपासणाऱ्याला डोकावता येत नाही, म्हणून. आणि शेवटची ओळ: "इन्स्टॉल करताना इशारा आला तर घाबरू नका, 'अलाउ' करा." म्हणजे दरवान काढला, सामान झाकून आणलं आणि घंटा वाजली तर कानात बोळे घाला!

आत्याने माझ्याकडे ती लिंक पाठवली होती. मी उघडली नाही, त्यामुळे त्या पेटीत नेमकं काय होतं ते सांगत नाही. पण असल्या चोरीच्या 'की' आणि 'क्रॅक'च्या वेष्टनात काय फिरतं ते जगजाहीर आहे. ल्युमा नावाचा व्हायरसचा एक प्रकार आहे. तो पडद्यावर कवटी दाखवत नाही, फाइली कुलूपबंद करत नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, कार्डांचे तपशील आणि तुम्ही आधीच लॉग-इन असल्याची खूण असलेल्या कुकी गोळा करतो आणि पाठवून देतो. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने न्यायालयातून आदेश आणून ल्युमाची यंत्रणा मोडली, तेव्हा सांगितलेला आकडा असा: १६ मार्च ते १६ मे या दोन महिन्यांत ३,९४,००० पेक्षा जास्त विंडोज संगणकांत तो सापडला. दोन महिन्यांत, आणि एकच जात. त्यातल्या कितीजणांना संगणक मंद झाल्याचंही कळलं नसेल! बँकेचा ओटीपी तुमच्याकडेच येतो म्हणून निर्धास्त राहू नका. चोरलेली कुकी ईमेलमध्ये शिरायला पुरते, आणि ईमेल हाती आला की बाकीचे पासवर्ड तिथूनच बदलून घेता येतात.

"व्हायरस कंपन्याच बनवतात." मग त्याच संदेशात दोन कंपन्यांचे अँटीव्हायरस ठेवायला का सांगता, एवढं तरी त्या तज्ज्ञाने सांगावं! पीसीवरचा पहिला म्हणून ओळखला जाणारा 'ब्रेन' व्हायरस १९८६ मध्ये लाहोरच्या अल्वी बंधूंनी लिहिला. त्यात त्यांनी स्वतःची नावं, पत्ता आणि फोन नंबरही घातला होता. ते काही अँटीव्हायरस विकत नव्हते. आपल्याकडे क्विक हील उभी केली ती पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या कैलास काटकरांनी आणि त्यांच्या धाकट्या भावाने, संजय यांनी. दुरुस्तीला येणारे संगणक व्हायरसने बिघडलेले असायचे म्हणून. आज व्हायरसमागे खंडणी आहे, चोरलेल्या पासवर्डांचा बाजार आहे. त्यांना गिऱ्हाईक मिळवून द्यायला अँटीव्हायरस कंपनीची गरज नाही. तरी या कंपन्या धुतल्या तांदळासारख्या आहेत असंही मी म्हणणार नाही. अव्हास्टने आपल्या ग्राहकांनी कोणती संकेतस्थळं पाहिली त्याची माहिती जंपशॉट या उपकंपनीमार्फत विकली. २०२० मध्ये बोभाटा झाल्यावर जंपशॉट बंद केली, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १ कोटी ६५ लाख डॉलर वसूल करायचं ठरवलं. पाळत ठेवण्याचा आरोप करायचाच होता तर हे उदाहरण तयार होतं. पण त्यासाठी वाचावं लागतं.

दोन अँटीव्हायरस: नको. फाइल उघडताच दोघंही तिच्यावर झडप घालतात, संगणक अडकतो, आणि एकाने पकडून ठेवलेला माल दुसऱ्याला नवा हल्ला वाटतो. विंडोजलाही हे कळतं, म्हणून दुसरा बसवला की डिफेंडर आपण होऊन बाजूला होतो.

अपडेट बंद करणाऱ्यांसाठी दोनच तारखा. मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं एक भगदाड बुजवणारा अपडेट दिला १४ मार्च २०१७ रोजी. वॉनाक्राय हा खंडणीचा व्हायरस त्याच भगदाडातून शिरला १२ मे २०१७ रोजी. मध्ये जवळजवळ दोन महिने होते. ज्यांनी अपडेट घेतला नव्हता त्यांच्यात ब्रिटनची सरकारी रुग्णालयं होती, आपल्याकडचे आंध्र प्रदेश पोलिसांचे संगणकही होते. अपडेट नको त्या वेळी संगणक बंद-चालू करतो ही तक्रार मान्य. त्यासाठी 'अ‍ॅक्टिव्ह अवर्स', म्हणजे तुमच्या कामाच्या वेळा, ठरवून द्या. आत्याचा लॅपटॉप विंडोज १० चा, त्याला अपडेट मिळण्याची नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत मी तिला नोंदवून दिली आहे. त्यानंतर तिला नवीन यंत्र घ्यावं लागेल, आणि ते तिला अजून सांगितलेलं नाही.

फोनवर मी तिला एवढंच करायला लावलं. स्टार्टमध्ये 'विंडोज सिक्युरिटी' उघड, व्हायरसच्या खणात जा, अपडेटची तारीख आजची-कालची आहे ना बघ. टॅम्पर प्रोटेक्शन चालू आहे ना बघ. लॅपटॉपसोबत आलेला एक चाचणीचा अँटीव्हायरस मुदत संपून पूर्वी तिथे बसला होता आणि रोज पैसे मागायचा. तो मी दिवाळीत काढला होता, तेव्हापासून डिफेंडर आपोआप सुरू आहे. मनाला समाधान हवं असेल तर आयकार या युरोपातल्या अँटीव्हायरस-संशोधन संस्थेची चाचणी फाइल आहे: ६८ अक्षरांची, निरुपद्रवी, आणि जवळजवळ सगळे अँटीव्हायरस तिला मुद्दाम ओरडून पकडतात. आत्याने ती आयकारच्या संकेतस्थळावरून उतरवून बघितली. डिफेंडरने उतरतानाच अडवली. "पकडली गं!" असं ती इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या काकू डोकावल्या.

विकतचा घेऊच नये असं नाही. घरात चार यंत्रं असतील, मुलांवर लक्ष ठेवायचं असेल, अडलं तर फोन उचलणारं कुणी हवं असेल, तर जरूर घ्यावा. फक्त पहिल्या वर्षाच्या सवलतीला भुलण्याआधी दुसऱ्या वर्षाची किंमत विचारा. आणि पडद्यावर "तुमच्या संगणकात व्हायरस, या नंबरवर फोन करा" असं आलं तर तो नंबर लावू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो.

दुपारी आत्याने गटात लिहिलं की तो चोर नाही, पहारेकरी आहे. तिघांनी अंगठा दिला. एकाने गुलाबाचं चित्र टाकलं. संध्याकाळी ज्या सरांनी मूळ संदेश पाठवला होता, त्यांनी आत्याला वेगळा फोन केला, आवाज जरा खाली आणून. त्यांच्या मुलाने पुण्याहून दूरवरून जोडून त्यांच्यासाठी डिफेंडर बंद करून दिला होता, आणि ती झिप त्यांनी गुरुवारी उघडली होती.

मी त्यांना वाय-फाय बंद करायला सांगितलं आहे, आणि ईमेल व बँकेचे पासवर्ड त्या लॅपटॉपवरून नाही, मोबाइलवरून बदलायला. ईमेलमध्ये 'सगळीकडून लॉग-आउट'ही करायला. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर लगेच फोन. रविवारी सांगलीला जाते आहे, पेन ड्राइव्हवर विंडोज घेऊन. आत्या म्हणाली, सरांकडे जाताना मलाही घेऊन चल, मला बघायचंय त्या पेटीत काय होतं.