लहान व्रणासाठी मिनी टमी टक निवडण्यापूर्वी

पोटाच्या शस्त्रक्रियांवरील एका लेखात 'लहान व्रण, लवकर आराम' असे वर्णन करून मिनी टमी टक (पोटाची सैल त्वचा काढण्याची छोटी शस्त्रक्रिया) ही बहुतेक स्त्रियांची पहिली निवड असावी असे सुचवले आहे, ते वाचून मला काळजी वाटली. या शस्त्रक्रियेत प्रामुख्याने बेंबीखालची सैल त्वचा काढतात आणि बेंबी सहसा जागची हलवत नाहीत; त्यामुळे जिची त्वचा बेंबीच्या वरही सैल आहे, तिला हा पर्याय अपुरा पडतो.

दोन बाळंतपणांनंतर माझ्या पोटाचे उभे स्नायू वरपासून खालपर्यंत एकमेकांपासून दूर गेले होते आणि उताणे झोपून डोके उचलले की मध्यभागी उंचवटा दिसत असे. ते स्नायू पूर्ण लांबीत शिवून जवळ आणणे पूर्ण टमी टकमध्ये, म्हणजे पूर्ण अ‍ॅब्डोमिनोप्लास्टीत शक्य होते, म्हणून कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंतचा व्रण मी विचारपूर्वक स्वीकारला. लायपोसक्शनने केवळ चरबी निघते, दुरावलेले स्नायू जुळत नाहीत, हेही लेखात यायला हवे होते.

पुष्कळ वजन उतरवलेल्यांची त्वचा आडव्या दिशेनेही सैल असते, तेव्हा काहींना उभा छेदही द्यावा लागतो.

पुढे मूल हवे असेल तर मात्र थांबणेच योग्य, कारण गरोदरपणात स्नायू आणि त्वचा पुन्हा ताणली जाते. धूम्रपान करणाऱ्यांनी ते शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीच बंद करावे आणि तशी सवय असल्यास सर्जनपासून लपवू नये, कारण धूम्रपानामुळे रक्तपुरवठा कमी पडला तर जखमेच्या कडेची त्वचा मरू शकते.